स्वल्प निल्लु

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये,
आम्ही वजनकाट्यांचे मेंदू बनवतो.
प्रत्येक बोर्डावर एक चिप, हरभऱ्याच्या डाळीएवढी,
वजनाच्या आकड्यावर सही करणारी.
बाकी बोलणं कमी.
किल्ली पोटात; ती कुणाला देत नाही,
मलासुद्धा नाही, आणि मी तिचा ड्रायव्हर लिहितो.

बुधवारी पहाटे संकेश्वरहून दुंडाप्पा मगदूमचा फोन.
काटा चालतोय की, सही तेवढी येईना,
ट्रॉल्या पार हायवेला टेकल्या.
कुणीतरी मेन स्विच पाडून परत उचलला होता,
एकदा नाही, सकाळपर्यंत कितीदा तरी.
शेवटी चिपनं तोंडच मिटलं.

ती मोजत असते, हे त्यांना कोण सांगणार?
न सांगता वीज काढली की तिला वाटतं
कुणी कुलूप चाचपतंय.
भिंतीवर एक रेघ ओढते. मग आणखी एक.
रेघा भरल्या की आतून कडी,
मग बाहेर कोण का उभा असेना.

म्हणून लिहायला बसलो, रीतसर.
आधी रांग बंद:
दुसऱ्या गेटला घंटा झाली की
स्कूटर पायानं मागं रेटतात तशी.
आत गेलेली आज्ञा पुरी होऊ द्यायची.
ती फ्लॅशवर लिहीत असेल तर हात बांधून बसायचं.
मग सांगायचं, बंद करतोय, आवरून घे.
तिनं होय म्हटल्यावरच
रिसेटची तार खाली ओढायची,
मॅन्युअलात दिलेत तेवढे मायक्रोसेकंद, वर थोडे अधिक,
कारण मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या घरी
हेस्कॉमची लाइन नसते.

तार सोडून लगेच हाक मारणार, तोच
गुरुसिद्द हंचिनाळ, ज्यानं हा बोर्ड आखला,
मागून म्हणाला: स्वल्प निल्लु.
थोडं थांबायचं ते त्याच्या भाषेत जास्त थांबल्यासारखं वाटतं.
मी त्या ओळीवर तीच टिप्पणी टाकली, देवनागरीत,
आणि खाली तीस मिलिसेकंद.

रात्रभर दोन हजार रिसेट.
दोन हजार वेळा ती उठली, भिंतीवर रेघ नाही.
सकाळी मी कुंदा आणला, कॅम्पातून, पाव किलो.

गुरुसिद्दानं डबा उघडला, खाल्ला नाही.
म्हणाला, उठल्यावर तिला काय आठवतं?
काही नाही. नोंदी शून्य.
म्हणजे बोर्डानं सुरू होताना काय काय वाचलं,
तेही नाही?
तेही नाही.
मग पहिल्यांदा येऊन जो सांगेल ते खरं?

पलीकडं भट्टीतून रस ओतत होते,
शेडचा पत्रा तांबडा झाला आणि विझला.
मला दिसलं: कुणी काट्यात भलताच प्रोग्राम भरलाय,
मग माझीच ही सभ्य, तपासलेली ओळ वापरून
तिला निजवलंय, उठवलंय,
कानात जुनीच चांगली नोंद सांगितलीय,
आणि ती खोट्या टनावर खरी सही करतेय.
दोन हजार वेळा मी फक्त एवढंच तपासलं होतं
की तिला दुखत नाही ना.

तार काढून टाकली. ड्रायव्हरच्या हातात ती नकोच.
गुरुसिद्दानं बोर्डावरची ती रेघ कापून
मुख्य प्रोसेसरच्या रिसेटला जोडली:
उठायचं तर दोघांनी एकदम,
पहिल्या सूचनेपासून, मोजत मोजत.
आवराआवर तेवढी राहू दिली. अडलं की आता
ड्रायव्हर तिला आवरून घ्यायला सांगतो
आणि अख्खा काटाच बंद पडून नव्यानं उठतो.

एक्केचाळीस सेकंद जातात.
मगदूम फोनवर म्हणाला, तेवढ्यात चहा होतोय की.
राग होता की कौतुक, कळलं नाही.

परवा नवीन आलेली सुनेत्रा मुचंडीकर
कोड वाचता वाचता थांबली.
सर, इथं स्वल्प निल्लु लिहिलंय,
खाली तर काहीच नाही.